माडीवरच्या भाकरी

अलकनंदावहिनीच्या भाकरीवरून आमची रोज जुंपायची. चेन्नईच्या सौकारपेटेत आम्ही सात गडी सोनं गाळायला बसायचो, सगळे खानापूर तालुक्यातले. दुपारी भट्टी सोडून माडीवर गेलो की पहिली भाकरी कुणाला, यावरून भांडण. तोंडात ॲसिडच्या धुराची चव, अंगाला खारट चिकट घाम. त्यात तेवढी भाकरीच काय ती गावची होती.

आम्ही खुळे. वहिनीच्या हातांकडं कुणी बघितलंच नाही. सांधेवातानं तीन वर्षं तिची बोटं धरली होती. सकाळी मूठ मिटायची नाही, वेणी घालता यायची नाही, साडी पिळता यायची नाही. एग्मोरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखणं कमीजास्त होईल, पण जाणार नाही. हे तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, जनकोजीनं, कुणाला कळू दिलं नाही. दुकान थोरल्या दिराचं, शरदचंद्रदादाचं. सात जणांचं रांधणं निभवेल तीच बाई माडीवर राहील, नाहीतर गावाकडं, असा त्याचा कायदा. नवरा इथं आणि बायको तिथं, हे त्या दोघांना नको होतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी दादा किल्ली न्यायला वर गेला, मी मागोमाग. दार ढकललं तर जनकोजी परातीपुढं, हात पिठानं भरलेले, आणि वहिनी बाजूला नुसती बसलेली.

"गडी असून भाकरी थापतूस?" दादानं विचारलं.

हौस आली, म्हणाला जनकोजी. दुसरं खोटं त्याला सुचेना. वहिनीनं पदर सावरला.

"हौस न्हाई, दादा. माझं हात गेल्यात. तीन वर्सं ह्यांच्याच हातच्या भाकरी खाताय तुमी."

दादाचा पारा चढला. फसवलंत मला, म्हणाला, परवाच्या गाडीनं हिला गावाकडं धाडतो.

"धाडा की," वहिनी म्हणाली. "पर तितं धारा काढाया हात लागत्यात, पानी वडाया लागत्यात. हितं निदान ह्यांचं हात हायती."

गोष्ट खाली सगळ्यांना कळली. दुपारपर्यंत भट्टीवर कुणाचं चित्त नव्हतं. जनकोजी दर घटकेला उठायचा, जिन्याकडं बघायचा, परत बसायचा. मला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

जेवायला बसलो तर भांडण नाही. पहिली भाकरी मुकाट्यानं दादापुढं गेली. त्यानं ती बराच वेळ चावली. कडा जाड झाल्यात, म्हणून जनकोजीला झापलं, आणि दुसरी घेतली.

तेवढ्यात वहिनी लोणच्याची बरणी छातीशी धरून आली. नवरा शेजारीच बसला होता, पण ती गेली दादापुढं. थोरल्या दिराला काम सांगायची आमच्यात रीत नाही. आमचे घास हातातच राहिले.

"एवढं झाकान फिरवून द्या. मला हुईत न्हाई."

दादानं झाकण फिरवलं. तिच्या बोटांकडं बघून बरणी हातात दिली नाही, तिच्यापुढं खाली ठेवली. गाडीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

"हितनं फुडं झाकान सैल लावत जा, पोरी," तो म्हणाला.