इओराला आई मिळाली

ओडेटला मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं, ते तिच्या हातात नव्या भागाच्या संहितेची अकरा पानं पडली त्या सकाळी.

व्हँकुव्हरच्या स्टुडिओत आमची अंतराळयानाची मालिका पाचव्या वर्षात होती. मी तिथं मेकअप करायचे. ओडेट हैतीहून माँट्रियलला आलेल्या घरातली. मालिकेत ती इओरा, यानाची दिशा सांभाळणारी परग्रहावरची बाई. रोज दीड तास मी तिच्या कपाळावर रबराच्या चंदेरी कडा चिकटवायचे, मग ती यंत्रासमोर बसून म्हणायची, "मार्ग मोकळा आहे, कॅप्टन." झालं काम. पोस्टरवर मात्र कायम पुढं. "मी ताटातलं लोणचं गं," ती हसून म्हणायची, "रंगापुरती."

त्या सकाळी ती हसली नाही.

"इरेना, इओराला आई मिळाली."

"म्हणजे?"

"आई, गाव, समुद्राकाठचं लहानपण. पाच वर्षांत साधं आडनाव दिलं नाही मेल्यांनी, आणि आता एकदम एवढं?"

माझा ब्रश थांबला. रेनातो मालिकेत आमच्या यानावरचा डॉक्टर होता. तिसऱ्या वर्षी त्याला अचानक मुलगी मिळाली आणि त्याच भागात तो गुदमरून मेला. बकऱ्याला सणाआधी चारा घालतात, तसं.

"शेवटी काय होतं?" मी विचारलं.

"शेवटची पानं दिलीच नाहीत. अजून लिहितोय म्हणे."

चार दिवस ती तीच पानं पुन्हा पुन्हा वाचत राहिली. ती चहाला गेली की लेखक मंडळी गप्प व्हायची. मग कपडेवाली माप घ्यायला आली आणि सहज बोलून गेली, "तीन गणवेश शिवायचेत. एक धड, एक फाटका, एक जळका."

ओडेट तशीच निर्मात्याच्या खोलीत शिरली. अर्धा चेहरा रंगवायचा राहिला होता, म्हणून मीही मागोमाग गेले.

"डग्लस, मी मरतेय का?"

"अगं, बस तरी! असा सीन लिहिलाय, लोक ढसाढसा रडतील."

"कोणासाठी?"

"कॅप्टनसाठी. तू गेल्यावर तो किती बदलतो, माहितीये?" हे बोलताना त्याला काहीच वाटलं नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी तिला काचेच्या अरुंद कोठडीत बंद केलं. आत धूर सोडला. बाहेर कॅप्टनचं काम करणारा कॉलिन. तिनं म्हणायचं होतं, "जा कॅप्टन. मला भीती वाटत नाही."

तिनं काचेवर हात टेकले.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "मला नाही मरायचं. माझं अजून काही सुरूच झालं नव्हतं."

कॉलिनला निघून जायचं होतं. तो गेला नाही. तोंड उघडं टाकून काचेशी उभा राहिला. कुणी 'कट' म्हणेना. तो आवाज इओराचा नव्हता.

"सुंदर," शेवटी डग्लस म्हणाला. "आता लिहिलंय तसं."

मग लिहिलं होतं तसं ती सात वेळा बोलली. मधेमधे मी तिचा घाम टिपत होते. मान बर्फासारखी गार लागत होती.

तो भाग मी बहिणीबरोबर पाहिला. डग्लसनं पहिल्या वेळचंच चित्रण ठेवलं होतं! मी सावरून बसले. पण ओडेटचा आवाज काढून टाकला होता. वर व्हायोलिन, खाली फक्त हलणारे ओठ.

"किती शूर गं बाई!" डोळे पुसत बहीण म्हणाली.

ओडेट माँट्रियलला परतली होती. तिला फोन करून सांगितलं. "चेहरा तरी ठेवला," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी ओडेटच्या मेकअपच्या खुर्चीत सोराया नावाची नवी मुलगी येऊन बसली. चोवीस वर्षांची, आनंदानं फुललेली. "मोठं काम आहे म्हणालेत!" ती म्हणाली.

मी दार लावून घेतलं आणि तिला रेनातोचं आणि ओडेटचं सगळं सांगितलं.