सोबतीचा रकाना

मंगळवारी दुपारी बाराच्या आत ऑपरेशन झालं आणि उत्तम झालं. टाके सुबक पडले, पेशंटनं डोळे उघडताच पाणी मागितलं, आणि सोबत आलेल्या व्यक्तीनं जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या. डॉक्टर स्वतः म्हणाले, “सोबत असावी तर अशी.”

आता हे विसरा. असं काही घडलेलं नाही. मंगळवार अजून यायचाय, आज सोमवार आहे, आणि नव्या मॅडम कॉलेजच्या वाचनालयात, शब्दकोशांच्या कपाटाआड उभ्या राहून काखेतली गाठ मोजताहेत.

त्यांना ‘नव्या’ होऊन चौदा महिने झाले होते. गाव इतकं आडबाजूला होतं की त्यांच्यामागून कुणी आलंच नाही, त्यामुळे नवेपण पुढच्याच्या गळ्यात घालायची सोय नव्हती. गावात एक कॉलेज, एक रुग्णालय आणि एक रस्ता. रस्ता कॉलेजपासून निघून रुग्णालयापाशी संपायचा, आणि गावकऱ्यांचं आयुष्यही साधारण त्याच क्रमानं जायचं.

मॅडम ग्रंथपाल होत्या. वय अडतीस, लग्न नाही. आधीच्या शहरातली नोकरी दर अकरा महिन्यांनी संपायची आणि हात जोडले की परत सुरू व्हायची. इथली जागा कायमची होती आणि तिच्यासाठी अर्ज एकच आलेला. पहिल्या दिवशी प्राचार्य म्हणाले, “मॅडम, हे कॉलेज नाही, कुटुंब आहे.” मॅडमना ते खरं वाटलं. आणि ते खरं होतंच. त्या कुटुंबात बिनलग्नाच्या आत्याची जागा तेवढी रिकामी होती, ती त्यांनी भरली.

“तुम्हाला काय, तुम्ही एकट्याच,” हे वाक्य त्यांनी चौदा महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की कुणी नुसतं “तुम्हाला काय” म्हणालं तरी त्या पर्स उचलत. रविवारच्या परीक्षेवर देखरेख त्यांची. सुट्टीत कॉलेजच्या मांजराला दूध त्यांचं. आणि रुग्णालयात सोबतही त्यांचीच. भूगोलाच्या मॅडमच्या सासूबाई दोनदा, गणिताच्या सरांचा पाय एकदा, प्राचार्यांच्या मेहुण्यांचं अपेंडिक्स एकदा आणि घरमालकीणकाकूंचा उजवा डोळा एकदा. रुग्णालयाच्या वहीत ‘सोबत’ नावाचा रकाना होता. त्यात मॅडमचं नाव पाच वेळा होतं. आता डाव्या डोळ्याची तारीख जवळ येत होती.

गाठ सापडली ती आंघोळ करताना. मॅडमनी तिची पट्टीनं नोंद केली, कारण पुस्तक हाती आलं की आधी त्याची उंची सेंटीमीटरमध्ये लिहायची ही त्यांची पंधरा वर्षांची सवय. जुन्या कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं, १.५. पुढच्या महिन्यात १.९. त्या सोमवारी २.४. एवढ्या वेगानं वाचनालयात काहीच वाढत नव्हतं, वाचक तर नव्हतेच.

गाठ काढणारे डॉक्टर लांबून यायचे, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी नऊ ते दुपारी दोन. “बहुतेक काही नसेल,” ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. “पण काढून तपासायला पाठवू. उशीर करू नका.”

मॅडमनी उशीर केला नाही. लगेचच्या पहिल्या मंगळवारी उपाशीपोटी हजर झाल्या.

“आज कुणाला आणलंत?” सिस्टरनी वही उघडत विचारलं.

“स्वतःला.”

“ते झालं हो. पेशंट कोण?”

“मीच.”

सिस्टरनी चष्मा वर केला. “अगं बाई! मग सोबत कोण?”

मॅडमनी मागं वळून पाहिलं. मागं वजनकाटा होता.

नियम साधा होता. भूल द्यायची तर शुद्धीतला एक प्रौढ माणूस आधीपासून हजर हवा. त्यानं सही करायची, पेशंटला घरी न्यायचं आणि चोवीस तास जवळून हलायचं नाही. माणूस नाही तर भूल नाही, भूल नाही तर ऑपरेशन नाही. मॅडम उपाशीपोटी घरी गेल्या आणि दोन पाव खाऊन झोपल्या. असे दोन मंगळवार गेले.

मधल्या काळात त्यांनी माणूस शोधला. म्हणजे पुस्तक शोधतात तसा, रीतसर, एकेका फळीवरून.

पहिली फळी घरमालकीणकाकूंची. काकूंनी खोली देताना एकच अट घातली होती, की कुणाचं येणं-जाणं नको. मॅडमनी ती इतकी चोख पाळली की चौदा महिन्यांत त्यांच्याकडे फक्त वीजमीटर बघणारा आला, तोही दारातून परत गेला. आता काकू गहिवरून म्हणाल्या, “आले असते गं! पण मला रक्त बघवत नाही. आणि आमच्या ह्यांना तर चिरलेला टोमॅटोसुद्धा बघवत नाही.”

“काकू, तुम्हाला बघायचं नाहीये. बाहेर बाकावर बसायचंय.”

“बाहेर बसून डोळ्यापुढं येतंच ना सगळं. एक डोळा तर आत्ताच नवा केलाय.”

गणिताचे सर म्हणाले, “मी एका पायावर आलो असतो, पण लोक काय म्हणतील? तुम्ही बाईमाणूस, मी असा.”

“तुमच्या पायाच्या वेळी मी होतेच की सर. रात्रभर.”

“तेव्हा मी पेशंट होतो हो. पेशंटला कोण पुरुष समजतं?”

भूगोलाच्या मॅडम मात्र लगेच हो म्हणाल्या. नव्या मॅडमना इतकं हलकं वाटलं की त्या चक्क वाचनालयात गुणगुणल्या. मग दोघी रजेसाठी हेडक्लार्ककडे गेल्या.

“नातं काय?” हेडक्लार्क.

“सहकारी.”

“असा रकाना नाही. नवरा, बायको, आई, वडील, सासू, सासरे, मूल. यातलं कोण?”

“अहो, मला बहिणीसारख्या आहेत त्या,” भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या.

“‘सारखी’ला अर्धा दिवससुद्धा बसत नाही, मॅडम. सख्खी असती तर साहेबांच्या कानावर घातलं असतं.”

“लांबचं नातं चालेल?” नव्या मॅडमनी विचारलं.

“आणा. बघू.”

दोघींनी मधल्या सुट्टीत कार्डावर वंशवृक्ष काढला. नव्या मॅडमच्या मामेवहिनीचं माहेर आणि भूगोलाच्या मॅडमच्या चुलतसासूचं आजोळ एकाच शहरातलं निघालं. आनंदानं धावत जाऊन त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. हेडक्लार्कनी ते सुलटं पाहिलं, उलटं पाहिलं. उलट्या बाजूला १.५ आणि १.९ लिहिलं होतं.

“हे काय?”

“ते... वेगळं आहे.”

“शहर एक असलं म्हणून नातं होत नाही. नाहीतर त्या आख्ख्या शहराला रजा द्यावी लागेल मला.” त्यांनी कार्ड परत केलं. “मॅडम, राग मानू नका. पण तुमच्या फॉर्मवर कुटुंबाच्या जागी तुम्ही रेघ मारलीय. रेघेला मी रजा कशी देऊ?”

भूगोलाच्या मॅडम खूप हळहळल्या. हळहळता हळहळता त्यांनी घड्याळही पाहिलं, आणि जिना उतरताना त्यांची पावलं चढतानापेक्षा हलकी वाजली.

शेवटची फळी दादाची. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ, तीन देश पलीकडे.

“व्हिडिओवर बसतो की मी आठ तास. तुला काय, फोन उशीला टेकवून ठेव.”

“दादा, मी पडले तर धरायला माणूस लागतो.”

“पडशील कशाला? पडलेलीच असशील ना?”

मागून वहिनीचा आवाज आला. “अहो, विचारा ना, तिथं अजून कुणी ओळखीचं नाही का झालं? चौदा महिने म्हणजे काय कमी का?”

“सगळेच ओळखीचे झालेत वहिनी,” मॅडम म्हणाल्या. “तोच घोळ आहे.”

आईला त्यांनी सांगितलंच नाही. आई पाठीच्या मणक्यामुळे पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जायची तेही भिंतीला धरून, आणि ऐकलं असतं तर भिंत धरत धरत निघाली असती.

तर असा तो सोमवार. मॅडमनी कार्डावर २.४ लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. मग त्या वाचनालयाला कुलूप लावून सरळ रुग्णालयात गेल्या.

“सिस्टर, उद्याही माझ्याकडे माणूस नाही. मी खोटं नाव लिहू का?”

“लिहाल हो. पण हाक मारल्यावर उठून कोण येईल?”

“मीच येईन.”

“भूल दिलेल्या?”

मॅडम बाकावर बसल्या. त्या रडल्या असं म्हणता येणार नाही. नाकातून नुसतं पाणी आलं आणि ते थांबलं नाही. सिस्टरनी कापसाचा बोळा दिला आणि वही उलटून पाहिली.

“थांबा. उद्या आणखी एक आहेत रिकाम्या रकान्याचे. कुलूपवाले काका. हर्निया.”

कुलूपवाले काका गावाला ठाऊक होते. बायको वारलेली, मुलगा नाही, मुलगी नाही. गावातलं प्रत्येक दार त्यांना किल्लीशिवाय उघडता यायचं, म्हणून कुणीच त्यांना दारात उभं करत नसे. त्यांचेही दोन मंगळवार वाया गेले होते.

“तुम्ही त्यांच्या सोबत,” सिस्टर म्हणाल्या, “ते तुमच्या सोबत. दोन रिकामे रकाने, दोन माणसं. झालं की हो!”

काकांना बोलावून घेतलं, आणि तिघंही या हिशेबावर इतके खूश झाले की तो कुणीच पुन्हा तपासला नाही. काकांनी मॅडमना नमस्कार केला. “बेटा, तुमच्यासाठी मी दिवसभर बसेन. मला बसायचं कामच आहे.” मॅडमनी चौदा महिन्यांत पहिल्यांदा रात्रीचं जेवण उभ्यानं न जेवता बसून केलं.

मंगळवार उजाडला. साडेनऊला काकांना आत नेलं. मॅडमनी सह्या केल्या, बाकावर बसल्या, काकांचा चष्मा, कवळी आणि किल्ल्यांचा जुडगा मांडीवर सांभाळला. साडेअकराला काका बाहेर आले. टाके सुबक होते. काकांनी पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, “सोबत असावी तर अशी.” मग हातमोजे बदलून म्हणाले, “चला, पुढचा पेशंट.”

“मी,” मॅडम उठल्या.

“सोबत?”

मॅडमनी खाटेकडे बोट केलं. काका तोंड उघडं टाकून छताशी काहीतरी बोलत होते.

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी वहीकडे पाहिलं.

“शुद्धीतला, प्रौढ आणि स्वतःच्या पायावर उभा,” डॉक्टर म्हणाले. “यांच्यात तिन्हींपैकी एकच दिसतंय.”

“सही करतील ते!” मॅडम खाटेशी धावल्या. “काका, काका, सही करायचीय. इथं. माझ्यासाठी.”

काकांनी पेन हातात घेतलं. फार प्रेमानं त्यांनी कागदावर एक किल्ली काढली. दाते मोजून पाच काढले. “बसतीये का बघा,” म्हणाले आणि झोपले.

“डॉक्टर, आधी मला घेतलं असतं तर?”

“तर तुम्ही झोपला असतात आणि हे उभे राहिले असते.” डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. “दोन वाजेपर्यंत कुणी आलं तर मी घेतो. कुणीही.”

मॅडमनी फोन काढला. भूगोलाच्या मॅडम वर्गावर होत्या. गणिताचे सर “लोक” म्हणाले आणि रेंज गेली. काकूंनी उचलला. “बरं झालं गं फोन केलास, माझ्या डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या मंगळवारी का त्याच्या पुढच्या, तेवढं विचारून ये.” दोन वाजता डॉक्टरांची गाडी निघाली. मॅडम ती फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिल्या. गाडीनं वळण्याचा दिवा लावला, जणू त्या रस्त्यावर वळायला दुसरीकडे जागा होती.

आणि मॅडमना घरीही जाता येईना. काकांच्या कागदावर त्यांची सही होती. चोवीस तास जवळून हलायचं नाही.

दुपारी चारला त्या काकांच्या खोलीत होत्या. चारी भिंतींवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. खिडकीतून वारा आला की सगळी खोली किणकिणायची. मॅडमनी काकांना दूध-पाव भरवला, उशी उंच केली, गोळी दिली. काखेत हात गेला तो त्यांनी मागं घेतला. आज मोजायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. भीती पट्टीवर मावेनाशी झाली होती.

काका जागे झाले. आता शुद्धीत होते.

“बेटा, तुमचं कसं झालं?”

“छान झालं.”

“मी होतो ना?”

“होतात की.”

“दुखतंय का फार?”

“नाही.”

“मग आडव्या व्हा जरा. मी बसलोय ना तुमच्याजवळ,” काका म्हणाले आणि बोलता बोलता घोरू लागले.

मॅडम आडव्या झाल्या नाहीत. त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला, किल्ल्यांचं एक जुनं सूचीपत्र खाली धरलं आणि नोकरीत पंधरा वर्षं लिहिलं त्या स्वच्छ अक्षरात लिहिलं:

‘प्रति, मा. संबंधित अधिकारी.
विषय: मंगळवार मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज करण्यात येतो की, अर्जदार एकटी असून तिला एका दिवसापुरती एक व्यक्ती हवी आहे. व्यक्ती वापरलेली असली तरी चालेल. नातं असण्याची आवश्यकता नाही. काम झाल्यावर सुस्थितीत परत करण्यात येईल.

सबब, पुढील महिन्याचा पहिला मंगळवार उद्या, बुधवारी घेण्यात यावा. हे नियमात बसत नसल्यास, सदर मंगळवार येईपर्यंत अर्जदाराच्या काखेतील गाठीस आहे त्याच आकारात थांबण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी समज देण्यात यावी, ही नम्र विनंती.’