टेम्पोतली वीज

दसऱ्याच्या सकाळी उजाडता उजाडता शुभांगीनं टेम्पोत बसून किल्ली फिरवली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावर चार्जिंग शून्य. मागे झेंडूचे क्रेट गच्च भरलेले. आज नाशकात पोचला तर त्या झेंडूला भाव, उद्या तो उकिरड्यावर. सगळा पावसाळा तिनं या फुलांपायी चिखल तुडवला होता.

टेम्पो विजेचा, तिच्या नावावर, चालवणारीही तीच. काल तिन्हीसांजेला तिनं तो पूर्ण चार्ज करून ठेवला होता. खाली उतरून पाहते तर टेम्पोच्या मागच्या प्लगच्या बोर्डातून एक काळी वायर निघून थेट देवीच्या मंडपात गेलेली. रात्री रोषणाईच्या भारानं गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला, तेव्हा मंडळाच्या या दीडशहाण्यांनी डीजे तिच्या टेम्पोवर वाजवला होता. आता चार्ज करायचा म्हटलं तरी आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मंडळाची पोरं मंडपातच आडवी झाली होती. त्यात तिचा धाकटा दीर महेशही होता. तिनं त्याला गदागदा हलवलं.

"वहिनी, देवीचं काम होतं," तो डोळे चोळत म्हणाला. "शोरूमवालाच म्हणला ना, या गाडीवर अख्खं घर चालतंय."

"घर चालतंय. तुमचा धिंगाणा नाय. देवीला डीजे लागतो व्हय रे? तुम्ही सगळे चोर."

तिनं बाकीच्या पोरांनाही हलवून उठवलं.

"नाचायला पाय होते ना? मग उचला क्रेट. हायवेपर्यंत चालत जायचं. तिथं मिळंल त्या गाडीत घालू."

कुरकुर झाली, पण तिच्या डोळ्याला डोळा भिडवायची कुणाची छाती झाली नाही. पोरं क्रेट घेऊन निघाली.

गडबड ऐकून तिचा नवरा खंडेराव घरातून बाहेर आला.

"पोरांना कशाला बोलती? मीच हो म्हणलो," तो हळूच म्हणाला. "गावाला नाय कसं म्हणायचं? तुला विचारलं असतं तर तू वीज दिली नसती."

"म्हणून तर त्यांनी तुम्हाला विचारलं."

खंडेरावनं वाकून एक क्रेट डोक्यावर घेतला. शुभांगीनं त्यावर आणखी एक ठेवला.