सुतेकिची

“लग्नपत्रिकेवर तुमचं ‘सुतेकिची’ छापायचं, बाबा? ‘सुते’ म्हणजे टाकून दिलेला! रेइकोचे वडील बँकेत मॅनेजर आहेत!”

योशिहारु, आमचा एकुलता एक मुलगा, दारातूनच सुरू झाला. सेंदाईला विमा कंपनीत चिकटल्यापासून त्याला आमच्या घरात डिझेलचा वास येतो. बंदरातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करूनच बापानं त्याला शिकवलं. शिकून काय, नाक मुरडायला शिकला.

“‘मासायोशी’ लिहू. जरा शोभेल तरी.”

“माझ्याआधीची दोघं वर्षाच्या आत गेली,” हे शांतपणे म्हणाले. “म्हणून आईनं मला सुपात घालून चौरस्त्यावर टाकलं. मासळीवालीला आधीच सांगून ठेवलेलं. तिनं उचललं, आमच्याच दारात आणलं, ‘पोर सापडलंय, पोसता का?’ टाकलेल्या पोराकडं मरण बघत नाही म्हणतात.”

“अडाणीपणा नुसता!”

“असेल. टाकून येताना मागं बघायचं नसतं. आईनं ओठ चावून फोडला होता, तो वण शेवटपर्यंत होता. आणि पुढचं ‘किची’ वाच की. शुभ. शिकलायस ना?”

“हे तिकडं कुणाला सांगू नका म्हणजे झालं.”

लग्न सेंदाईच्या मोठ्या हॉटेलात झालं. व्याही हसतानासुद्धा दात मोजून दाखवत होते. त्यांची माणसं आमच्या चपलांकडे बघून नमस्कार करत होती.

शेवटी सोनेरी पडद्यापुढे उभा असलेला निवेदक म्हणाला, “पाहुण्यांचे आभार मानायला वरपिता मासायोशी ओनोदेरा यांनी यावं.”

हे बसूनच राहिले. त्यानं पुन्हा पुकारलं. योशिहारु धावत आला.

“बाबा, उठा ना!”

“कुणाला बोलावतायत?”

“तुम्हालाच!”

“मग माझं नाव घ्यायला सांग. लगेच येतो.”

योशिहारुनं सासऱ्याकडे पाहिलं. चार-पाच अक्षरं पुरली असती, “सुतेकिची” नाही तर नुसतं “बाबा आहेत”. तेवढीही त्याच्या तोंडून निघाली नाहीत. व्याही स्वतःच उठले. “वरपित्यांची तब्येत जरा नरम आहे,” म्हणाले आणि भाषण ठोकून मोकळे झाले. दोनशे माणसं या धडधाकट माणसाकडे कीव करत बघू लागली.

यांनी ताटातल्या तांबड्या माशाचा काटा अखंड सोडवला. गालाचा मऊ तुकडा माझ्या ताटात ठेवला आणि मग स्वतः जेवू लागले.