चार गेले, चौदा अडवले

माझ्या चहाच्या गाडीवर एकच नियम आहे. आपल्या टीमला नावं ठेवायची असतील तर चहा दुसरीकडं प्यायचा. पाटीबिटी लावलेली नाही, पण मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ आहे, कारण दर रविवारी मी तो ओरडून सांगते. पण ऐकतंय कोण! गाडीच्या मागं, मैदानाच्या जाळीला लागून सिमेंटचा कट्टा आहे. त्यावर सात-आठ जण बसतात आणि शिट्टी वाजायच्या आधीच मॅच हरून मोकळे होतात.

“आज किती गोल? पाच?” शेखर विचारणार. हा विमा एजंट, आख्ख्या पंचवटीला मरणाची भीती घालून घालून याला सवयच लागलीय.

“पाचावर भागलं तर नारळ फोडू,” दुसरा कोणी म्हणणार, आणि सगळे खिदळणार.

यांचे म्होरके भिमाजीअण्णा. प्रेसमधून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशा, तोंडात सुपारी. ते हसत नाहीत, नुसतं म्हणतात, “या टीमचं काही खरं नाही.” मग डोळे बारीक करून मॅच संपेपर्यंत अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत बसतात. मला वाटायचं, म्हातारा जप करतोय. देवाचं नाव घेतो आणि पोरींना शाप देतो, असा राग यायचा मला.

आमचा गोदाकाठ क्लब, मुलींची हॉकी. तीन वर्षांपूर्वी राज्यात दुसरे आलो होतो आपण. मग एका दमात सात पोरी गेल्या. कोणी पोलिसात, कोणी रेल्वेत, दोघी पुण्याच्या क्लबात. बरं झालं त्यांचं, पोटाला लागल्या. पण नाशिकनं पोरी घडवायच्या आणि पुण्या-मुंबईनं न्यायच्या, हे कायमचंच झालंय. आमच्या कोच उज्वला मॅडम मात्र रडत बसल्या नाहीत. स्कूटीवर बसून सुरगाणा, पेठ, त्र्यंबकचे डोंगर पालथे घातले आणि अनवाणी पळणाऱ्या पोरी गोळा करून आणल्या. आता नव्यानं टीम बांधायची म्हणजे वेळ लागणारच ना? आज भात लावला आणि उद्या ताटात वाढला, असं होतं का कुठं? पण कट्ट्याला ते सांगून उपयोग नाही. यंदा अकरा मॅच झाल्या, नऊ हरलो, दोन बरोबरीत सुटल्या. तेवढेच आकडे यांच्या तोंडात.

त्यातली गोलकीपर निकिता माझ्या घरी राहते. सतरा वर्षांची, सुरगाण्याच्या पलीकडची, गुजरात हद्दीला खेटून तिचं गाव. मॅडम म्हणाल्या, लताबाई, महिनाभर ठेवून घ्या. माझी मुलगी लग्न होऊन गेलेली, खोली रिकामीच होती. त्या महिन्याचं दीड वर्ष झालं. सकाळी साडेपाचला उठून माझं आलं कुटून देते आणि मग सरावाला पळते. मला मावशी म्हणते. आता खरं सांगायचं तर, ती घरात नसली की मला भाकरी एकटीला गिळवत नाही.

शुक्रवारी तिच्या बापाचा, मोतीरामदादांचा फोन आला. दिंडोरीला द्राक्षाची छाटणी सुरू झालेली, गावातल्या जीपा भरून चालल्या होत्या. यंदा त्यांच्या टोळीत दोन हात कमी पडत होते. “पोरगी हरतीच म्हणत्यात समदी. रईवारी येतो, बघतो डोळ्यांनी. नाय पटलं तर घेऊन जाईन.”

निकितानं फोन ठेवला आणि आल्याचा खलबत्ता घेऊन बसली. रात्रीचं काही कुटायचं नव्हतं तरी कुटत राहिली.

“मावशी, मला नाय जायचं,” एवढंच म्हणाली.

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मॅच हरणार, ते मलाही दिसत होतं, समोरची टीम पहिल्या नंबरावर होती. हरल्याचं एवढं काही नाही. पण बाप बसणार कुठं? त्याच कट्ट्यावर. आणि त्याच्या कानात दीड तास हे लोक काय ओतणार? मी कूस बदलत राहिले, मग उठून पाणी प्याले, परत पडले. शेवटी शनिवारी सकाळी गाडी लावली न लावली तोच कट्ट्यासमोर जाऊन उभी राहिले.

“उद्या पोरीचा बाप येतोय. तिला ठेवायची की न्यायची, ते ठरवणार आहे. उद्याच्या दिवस तोंडं सांभाळा. नुसती सांभाळू नका, चांगलं बोला. चहा-भजी माझ्याकडून.”

“फुकट?” शेखरचे डोळे चमकले. “मग बघाच वहिनी. अशी तारीफ करतो की पोरगी थेट भारताकडून खेळेल.”

भिमाजीअण्णांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. “मला खोटं बोलता येत नाही. फार तर गप्प बसेन.”

“तेच करा. उपकार होतील,” मी म्हणाले.

रविवारी साडेतीनला मोतीरामदादा आले. काटकुळा माणूस, धुतलेला पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीतून माझ्यासाठी नागलीचं पीठ काढलं. मी चहा दिला, कट्ट्यावर मधोमध जागा करून दिली, आणि गाडीवर येऊन उभी राहिले. साखर दोनदा टाकली गेली. एका गिऱ्हाइकाला पाणीच गरम करून दिलं, चहापूड टाकायची राहिली.

माझं गिऱ्हाईक रस्त्यावरचं, म्हणून माझं तोंड रस्त्याकडं आणि मॅच सगळी पाठीमागं. मला कानानं कळते ती. गोलच्या मागच्या फळीवर बॉल आपटला की ‘धाड्’ असा आवाज येतो. आपल्या बाजूनं आला की समजायचं, गोल खाल्ला.

दहाव्या मिनिटाला पहिला ‘धाड्’ आला. आपल्याच बाजूनं.

“वा! काय उडी मारली पोरीनं!” शेखर ओरडला. “थोडक्यात गेला. नशीब, नशीब!”

“अशी गोलकीपर महाराष्ट्रात नाही,” दुसरा म्हणाला.

“वाघीण आहे, वाघीण!”

मी मनात म्हटलं, बास झालं, जरा बेतानं घ्या. पण फुकटची भजी पोटात गेल्यावर माणूस बेतानं घेतो का? दुसरा गोल गेला, तरी वाघीण. आपण एक फेडला तेव्हा तर यांनी कट्टा डोक्यावर घेतला. मग तिसरा गेला, चौथा गेला. चौथ्याला शेखर चक्क टाळ्या वाजवायला लागला. मी मागं वळून डोळे वटारले, तर त्याला वाटलं मी अजून हवं म्हणतेय. “हरावं तर असं हरावं!” म्हणाला मेला.

मोतीरामदादांना दिलेली भजी कागदात तशीच होती. भिमाजीअण्णा दिल्या शब्दाला जागून तोंड मिटून बसले होते, फक्त अंगठा पेरांवरून फिरत होता.

चार-एक. शिट्टी वाजली. निकिता पॅड काढून, किटची बॅग ओढत जाळीच्या दारातून बाहेर आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. बापाच्या पाया पडली आणि मान खाली घालून उभी राहिली.

“ताई,” मोतीरामदादा माझ्याकडं वळले, “हिचं गाठोडं बांधा. सहाची जीप हाय.”

माझ्या हातातलं भांडं शेगडीवर आदळलं. “का? एवढे सगळे कौतुक करताहेत, ऐकलं नाही तुम्ही?”

“ऐकलं ना. त्येच्यामुळंच.” ते शांतपणे म्हणाले. “बाजारात एखाद्या बैलाला समदीच चांगलं म्हणाया लागली का मी पुढं जातो, ताई. ती दलालाची माणसं असत्यात. पोरीनं चार गोल खाल्ले, अन् ह्ये टाळ्या वाजवत्यात. हिथं हिला खरं सांगणारं कुणी नाय. खोटं ऐकून येडी व्हईल माझी पोर. त्यापेक्षा छाटणी बरी, तिथं चुकलं का मालक लगेच सांगतो.”

“पोरगी म्हणजे बैल का हो?” माझा आवाज चढला. “दीड वर्ष सांभाळलीय मी तिला! कोणी एक शब्द वाकडा बोललं तर मी चहा बंद करते त्याचा!”

“मग तुम्ही सांगा. तुमच्याच घरात ऱ्हाती. कुठं चुकती ती?”

“चुकत नाही ती!”

“येकदाबी नाय? आजचा चवथा गोल कसा झाला?”

चौथा गोल मी ऐकला होता. पहिलाही ऐकलाच होता. दीड वर्षात या पोरीसाठी मी निम्म्या पंचवटीशी भांडले, आणि तिनं अडवलेला एक बॉल मी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मला इतकी शरम वाटली की मी उगाच गाळणं झटकायला लागले. निकिता माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघू शकले नाही.

तेवढ्यात पचकन सुपारी थुंकल्याचा आवाज आला.

“डावीकडं पडत नाही ती,” भिमाजीअण्णा म्हणाले.

“अण्णा, तुम्ही गप्प बसायचं ठरलंय!” शेखर कुजबुजला.

“तू गप्प बस! दीड तास ऐकतोय तुझी वाघीण.” अण्णा उठून उभे राहिले. दीड तासाचं सगळं तुंबलेलं बाहेर पडत होतं. “डावीकडं पडायला भिते. मागच्या उन्हाळ्यात त्या बाजूनं कोपर सोललं होतं, तेव्हापासून. चौथा गोल तसाच झाला. पेनल्टी कॉर्नरला घाई करते, बॉल थांबायच्या आत दोन पावलं पुढं येते, पहिला गोल त्यामुळं गेला. गोल झाला की खाली बघत बसते, तोवर बॅकच्या पोरींना ओरडायचं राहून जातं. आणि पाणी कमी पिते. शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड होतात तिचे.”

“तिसरा पण माझाच होता, अण्णा,” निकिता हळूच म्हणाली.

“अजिबात नाही!” अण्णा तिच्यावरच खेकसले. “तिसरा बॅकचा. तिनं पाय घातला, बॉल फिरला, तू काय करणार? दुसराही तुझा नाही. उगाच दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायचं नाही. चार गेले, त्यातले दोन तुझे. आणि चौदा अडवले.”

“चवदा?” मोतीरामदादांनी विचारलं.

“चौदा.” अण्णांनी पंजा पुढं केला, अंगठा एका पेरावर टेकलेला. “एका बोटावर तीन पेरं, चार बोटांची बारा, आणि वर दोन. मागच्या रविवारी अकरा होते. जूनमध्ये सहाच्या वर जात नव्हती.”

मी बघतच राहिले. हा जप होता तर म्हाताऱ्याचा!

मोतीरामदादांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “ज्याला इतक्या खोडी ठाव्या, त्यानं बघितलंय,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग अण्णांना विचारलं, “ह्ये डावीकडचं कधी जमंल हिला?”

माझा जीव टांगणीला लागला. मी मनात म्हटलं, अण्णा, महिना म्हणा. दिवाळीपर्यंत म्हणा. एकदाच खोटं बोला हो, पाया पडते तुमच्या.

“दोन वर्षं,” अण्णा म्हणाले. “नीट मेहनत घेतली तर. आणि टीमचं म्हणाल, तर यंदा काही खरं नाही. पुढच्या वर्षीही हरतील. सांगून ठेवतो.”

मोतीरामदादांनी निकिताचं डावं कोपर हातात घेतलं, उलटं करून बघितलं, जुन्या व्रणावरून अंगठा फिरवला.

“दोन वर्षं,” ते म्हणाले. “बरं. शिमग्याला घरी ये. तवर डावीकडं पडाया शीक.”

आणि कागदातलं थंड झालेलं भजं उचलून खाल्लं. निकिता रडायला लागली. मी तर आधीच रडत होते. सहाची जीप त्यांनी एकट्यानंच पकडली.

पुढच्या रविवारी मी गाडी फिरवून लावली. तोंड मैदानाकडं, पाठ रस्त्याकडं. रस्त्यावरची गिऱ्हाइकं “ओ मावशी, ओ मावशी” करून दमली, निम्मी निघून गेली. जाऊ देत. शेखर म्हणाला, “वहिनी, धंद्याचं काय?” मी म्हटलं, “तुझा विमा काढ.”

पहिल्यांदाच बघत होते मी. ती केवढीशी दिसते त्या दोन खांबांमध्ये! एक अडवला, दुसरा पायानं अडवला, तिसरा हेल्मेटला लागून उडाला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. माझा अंगठा कधी पेरांवर गेला, मलाच कळलं नाही. आठव्यावर होते, तेवढ्यात समोरच्या पोरीनं हलकेच डाव्या कोपऱ्यात सरकवला. निकिता हलली, आणि थांबली. धाड्.

“अगं पड की डावीकडं, भवाने!” मी जाळीला धरून ओरडले. “आठ दिवस काय सांगतोय आम्ही तुला?”

कट्ट्यावरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझाच नियम, माझ्याच गाडीवर, मीच मोडला होता.

भिमाजीअण्णांनी मैदानावरची नजर काढली नाही. नुसते थोडे बाजूला सरकले आणि कट्ट्यावर मला बसायला जागा केली.