उजवा माझा, डावा तिचा

माझा डावा डोळा माझ्या बायकोने केलेला आहे. थट्टा नाही, आमची ही कृत्रिम डोळेच बनवते. लहानपणी गलोलीचा खडा लागून माझा तो डोळा गेला होता. पुढे शिवणकामात जम बसल्यावर मी नवा करून घ्यायला तिच्याकडे गेलो. उजव्याचा रंग हुबेहूब उतरायला हवा म्हणून तिने मला खिडकीशी बसवलं आणि आठवडाभर माझ्या घाऱ्या डोळ्यात बघत राहिली. हिरवट रंग, त्यात मधाची झाक, बाहुलीजवळ एक तपकिरी ठिपका. सगळं तिने बारीक कुंचल्याने टिपलं. आता एखाद्या बाईने इतकं बघितल्यावर माणसाने लग्न करू नये तर काय करावं?

संसार चांगला चालला होता. मग उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले, रोज झोपताना एक, जन्मभर. "एकच डोळा आहे तुमचा, चालढकल करू नका," असा दमही भरला. मी इमानेइतबारे थेंब घालत गेलो. नजर होती तिथे टिकली, पण डोळा बदलायला लागला. आधी पापणीचे केस वाढले, तेही एकाच बाजूचे, नाटकातल्या राणीसारखे. मी हसण्यावारी नेलं. मग हिरवा रंग विरला, मधाची झाक विरली, आणि एके दिवशी दाढी करताना बघतो तर माझ्या उजव्या डोळ्यातून कोणीतरी काळपट तपकिरी डोळ्याचा माणूस माझ्याकडे बघत होता. माझ्या हातातलं ब्लेड थांबलं.

तडक दवाखाना गाठला. "होतं असं काही जणांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिसतंय ना नीट? मग झालं तर."

"पण रंग परत येईल का?"

"तो काही येत नाही. थेंब बंद केलेत तरी नाही. खोक्यात कागद असतो, वाचला नाहीत?"

वाचणार कसा, कपाळ? मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि ती काचबिंदूवाल्याने वाचायची.

रंगाचं दुःख मी गिळलंही असतं. पण ही माझ्या उजव्या डोळ्याकडे बघेनाशी झाली. बोलताना तिची नजर डाव्यावर. जेवायला, टीव्हीपुढे, बसमध्ये, सगळीकडे ती माझ्या डाव्या हाताला बसायला लागली. तिकडचं मला दिसत नाही. म्हणजे बायकोचा आवाज यायचा आणि बायको दिसायची नाही. मान वळवावी तर म्हणायची, "हलू नका ना, असेच बसा."

तिच्याकडे एक निवृत्त मास्तर डोळ्याच्या मापासाठी आले होते. मी चहा घेऊन गेलो तर ते माझं तोंड निरखत राहिले. "बाई, यांचा उजवा फार सफाईने केलाय तुम्ही," ते म्हणाले. "फक्त थोडा निर्जीव वाटतो, राग मानू नका." मला वाटलं, ही आता त्यांना हसेल, खरं काय ते सांगेल. ती म्हणाली, "हो, तो तेवढा जमला नाही."

रविवारी सकाळी मी डावा डोळा काढून वाटीतल्या पाण्यात ठेवतो आणि आंघोळीला जातो. त्या रविवारी न्हाणीघरातून बाहेर येतोय तोच स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, ऐकलंत का?"

"काय गं?"

"तुम्हाला नाही," ती म्हणाली.

मी दारात गेलो. ओट्यावर वाटी होती. ही त्या वाटीतल्या डोळ्यापुढे भाजी निवडत बसली होती, आणि घरमालकाचा फोन आला होता, गॅस संपत आलाय, असं सगळं सांगत होती. मधेच थांबायची, ऐकल्यासारखं करायची आणि हसायची. इतकं मोकळं ती माझ्याशी कितीतरी दिवसांत हसली नव्हती. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त हेवा वाटला. स्वतःच्या डोळ्याचा हेवा, काय म्हणावं याला.

मग मी मूर्खपणा केला. थेंब बंद केले. रंग परत येणार नव्हता, पण निदान आणखी काळा तरी होऊ नये, घाऱ्याचा एखादा धागा उरला असेल तर तो तरी तिला दिसावा, एवढंच डोक्यात होतं. पुढे दुकानात कोपर इस्त्रीला लागलं. बाजूची इस्त्री मला दिसलीच नव्हती. मग एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही कापताना कात्री भलतीकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या ओरडल्याही नाहीत, त्यानेच माझं धाबं दणाणलं. "कडेचं गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. "उरलेलं हवंय की नकोय, तुम्हीच ठरवा."

मला हवं होतं. आंधळा होऊन त्या आवाजाबरोबर राहायची कल्पनाच सहन होईना. थेंब पुन्हा सुरू केले, आणि घरी येऊन हिला सांगितलं, "मला डावा तपकिरी करून दे. दोन्ही सारखे झाले की प्रश्नच मिटला."

"त्यांना कशाला काढायचं?" ती म्हणाली.

"त्यांना म्हणजे कोणाला?"

 तरी काम नाकारायची तिची सवय नाही. खिडकीशी गिऱ्हाइकाची खुर्ची ओढली, मला बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. माझा डावा डोळा तिने आधीच काढून घेऊन वाटीत घालून आत ठेवला होता. आणि मग ती माझ्या उजव्या डोळ्यात बघायला लागली. कितीतरी महिन्यांनी.  म्हटलं, बघ बाई, नीट बघ, आत मीच आहे.

ती बघत होती, रंग कालवत होती, पुन्हा बघत होती. गिऱ्हाईक अवघडून बसू नये म्हणून ती नेहमी गप्पा मारते, तसं तिने विचारलं, "काय काम करता आपण?"

मला वाटलं, चेष्टा करते आहे. तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

"शिवणकाम," मी म्हणालो.

"अगंबाई, आमचे हेसुद्धा शिवणकामच करतात." तिने कुंचला पुसला आणि आतल्या दाराकडे बघून हसली. "काम झालं की जाऊ नका लगेच. त्यांची ओळख करून देते."

मी थांबलो. घर माझंच होतं, जाणार कुठे?