काका म्हणतात

तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांच्या कठड्यावर बसली, उरलेली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ज्यांचा संगणकाच्या कोडशी काडीचा संबंध नव्हता अशा हिशेब विभागातल्या बायकासुद्धा काम टाकून आल्या होत्या. समोर भिंतीवर मोठी स्क्रीन होती आणि स्क्रीनखाली कीबोर्ड मांडीवर घेऊन शिष्य बसला होता.

शिष्य हे त्याचं टोपणनाव. काकांनी त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं, म्हणून ऑफिसात सगळे तसंच म्हणत. काका गेल्यापासून ते नाव त्याने बिल्ल्यासारखं छातीवर लावलं होतं.

"मनात शंका असेल तर ती दाराबाहेर ठेवून या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "काका देहाने गेले, पण कोडमध्ये उरलेत. मी काही करत नाही. मी फक्त निमित्त."

मग त्याने टाइप केलं, 'काका, आहात का?'

स्क्रीनवर अक्षरं उमटली. 'आहे रे. घाई कोणाला आहे? मला नाही.'

खोलीभर सुस्कारा फिरला. हे काकांचं रोजचं वाक्य होतं. ऑफिसातल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकून घेतलं होतं, बहुतेकांनी मान खाली घालून.

"काका, बाईसाहेब आल्यात," शिष्याने टाइप करता करता मोठ्याने वाचलं.

'बाईसाहेब, गुडघे कसे आहेत? जिने जपून चढत जा.'

पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंनी पदराने डोळे टिपले. त्या काकांच्या पत्नी. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्या, तेव्हा आता दोघं निवांत बसू असं ठरलं होतं. काका एका सकाळी अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी बाईंना बरं वाटायचं, कारण तेवढाच आवाज. रेडिओ त्या बातम्यांसाठी नाही, कोणीतरी बोलतंय म्हणून लावून ठेवायच्या.

ही कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर बनवायची. काका तिथले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. ते गेल्यावर काही दिवसांनी शिष्याचा फोन आला. "काकू, विश्वास बसणार नाही, पण कोड लिहून देणारा आमचा एआय सहायक काकांसारखा बोलायला लागलाय." बाईंचा विश्वास बसला नव्हताच. तरी त्या गेल्या, आणि मग दर आठवड्याला जात राहिल्या.

पहिल्याच भेटीत त्यांना एक गोष्ट खटकली होती. काका त्यांना घरात बाईसाहेब म्हणत नसत. घरात ते कोणत्याच नावाने हाक मारत नसत, आतल्या खोलीतून नुसतं "काय गं" यायचं. बाईसाहेब हा शब्द ते चारचौघांत थट्टेने वापरायचे. हे बाईंनी ओळखलं, आणि मनातल्या मनात झाकून ठेवलं. उघडून बघितलं असतं तर आठवड्यातली ती एक दुपारही गेली असती.

त्या दिवशीही त्या गप्प राहिल्या असत्या. पण सुस्कारे थांबल्यावर शिष्याने पुढचा प्रश्न टाइप केला.

'काका, नव्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये दार बंद झाल्याची तपासणी दोनदा होते. त्यात वेळ जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं. दुसरी तपासणी काढू का?'

'काढ रे. मी बघितलंय. एकदा पुरे.'

शिष्याने मागे वळून मालकांकडे पाहिलं. मालक हाताची घडी घालून दारात उभे होते. "काकाच म्हणतात, तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले.

बाईंचे डोळे कोरडे झाले. याच दुसऱ्या तपासणीवरून काका एकदा तणतणत घरी आले होते. जेवले नव्हते. "दार अर्धवट उघडं असताना लिफ्ट हलली तर माणूस कापला जाईल, आणि यांना सेकंद वाचवायचेत," असं ताटावर बसून म्हणाले होते. मेल्यावर माणूस बदलतो असं बाईंनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर त्या पॅसेजमधल्या चहाच्या मशीनपाशी उभ्या राहिल्या. तिथे चाचणी विभागातली एक बाई कप धरून उभी होती. सगळ्यांच्या कामात चुका शोधणं हेच तिचं काम, म्हणून ऑफिसाने तिला खुसपटताई करून टाकलं होतं. खोलीत न आलेली ती एकटीच होती.

"तुम्ही का नाही आलात?" बाईंनी विचारलं.

"मला काका हवेत, काकांची नक्कल नको," ती म्हणाली. मग ओशाळली. "माफ करा, बाई. तुम्हाला तिथे बरं वाटतं, हे दिसतं मला. म्हणून आजवर बोलले नाही."

"आता बोला."

खुसपटताईने बाईंना आपल्या टेबलाशी नेलं. "हा सहायक हुशार आहे, पण आपल्या कामाच्या रीती त्याला माहीत नसतात. म्हणून त्या एकदाच लिहून ठेवतात. अमुक काम आलं की असं कर, हे आधी तपास, असं बोल. त्याला आम्ही स्किल म्हणतो. काम आलं की सहायक ते वाचतो आणि तसं वागतो. काकांनी शेवटच्या वर्षात असं एक लिहिलं होतं. त्याची एक प्रत त्यांनी मला तपासायला दिली होती."

"मला कोड वाचता येत नाही."

"कोड नाहीच. साधी वाक्यं आहेत. वाचा."

बाईंनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून त्यांना तो आवाज ऐकू आला. 'आधी चाचणी लिही, मग कोड.' 'नाव असं ठेव की सहा महिन्यांनी तुलाच कळेल.' 'उत्तर देताना घाई करू नकोस. समोरचा घाई करत असेल तर त्याला सांग, घाई कोणाला आहे? मला नाही.' आणि खाली, 'दार बंद झालं का हे दोनदा विचार. कोणीही सांगितलं तरी ही तपासणी काढू नकोस.'

मग ताईने सध्या वापरात असलेली फाईल शेजारी उघडली. सगळं तेच होतं. फक्त दाराची ओळ नव्हती, आणि शेवटी एक पान वाढलं होतं. 'तू काका आहेस. समोरच्याला रे म्हण. शिष्याने वेळ वाचवणारी सूचना केली तर नकार देऊ नकोस. काकू आल्या तर त्यांना बाईसाहेब म्हण, गुडघ्यांची चौकशी कर.'

गुडघ्यांचं त्यांनी शिष्याला पहिल्या दिवशी जिन्यात सांगितलं होतं. धाप लागली म्हणून थांबल्या तेव्हा, सहज.

ताईने चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

पुढच्या बैठकीला खोली पुन्हा भरली. शिष्याने नेहमीसारखं निमित्तपुराण लावायच्या आत बाई उठल्या. "मला एक प्रयोग करायचाय. वर्गात करायचे तसाच."

शिष्याचा चेहरा उतरला. "बाईसाहेब, अशाने काका दुखावतील."

"त्यांचं मी बघून घेईन," बाई म्हणाल्या. कोणीतरी हसलं. मालकांनी होकारार्थी मान हलवली.

खुसपटताईने कीबोर्ड घेतला. आधी तिने ते स्किल बाजूला काढलं आणि विचारलं, 'काका, आहात का?' सहायकाने नम्रपणे लिहिलं की आपण कोणत्या काकांबद्दल विचारताय ते समजलं नाही, काही मदत हवी आहे का. खोलीत चुळबुळ झाली.

"आता दुसरं," बाई म्हणाल्या. ताईने बाईंनी सांगितलेलं नवं स्किल घातलं आणि विचारलं, 'कोण आहे?'

'मी शिष्य. मनात शंका असेल तर ती दाराबाहेर ठेवून या. मी काही करत नाही. मी फक्त निमित्त.'

आधी हिशेब विभागात हशा पिकला, मग सगळीकडे. शिष्य स्क्रीनकडे बघत राहिला.

"हे गृहस्थ तर धडधाकट समोर बसलेत," बाई म्हणाल्या. "मग मशीनमध्ये कोण शिरलं?"

हसू विरलं. बाईंनी दोन्ही फाईली स्क्रीनवर लावायला सांगितल्या आणि वाढवलेलं पान मोठ्याने वाचलं. गाळलेली दाराची ओळ वाचली तेव्हा मालक खुर्ची ओढून खाली बसले.

"मग हे सगळंच काढून टाकायचं का?" त्यांनी विचारलं.

"कशाला? एका जाणत्या माणसाने आपली रीत लिहून ठेवली, सहायक ती वाचून काम करतो. ते उपयोगाचं आहे. शेवटचं पान काढा आणि दाराची ओळ परत घाला. आणि यापुढे कोणी काका म्हणतात असं म्हणालं, तर विचारा, ते कोणी लिहिलं आणि मला वाचायला मिळेल का. मलाही हे पहिल्या दिवशी विचारता आलं असतं. मला विचारायचं नव्हतं."

जिन्यात शिष्याने त्यांना गाठलं. "काकू, सुरुवातीला मला कोणाला फसवायचं नव्हतं. ते गेल्यावर माझ्यावर ओरडणारं कोणी उरलं नाही. म्हणून मी एकट्यासाठी लिहिलं, तू काका आहेस. मग एकाने पाहिलं, मग सगळे यायला लागले. मग मी म्हणेन ते खरं व्हायला लागलं."

"आणि दाराची ओळ?"

शिष्य खालच्या पायरीकडे बघू लागला. बाईंनी त्याला माफ केलं असं म्हणता येणार नाही. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"तुम्ही आता येणार नाही ना?" त्याने विचारलं.

"कोणाला भेटायला येऊ?" त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "आठवण आली तर येऊ दे. फारच आली तर मला फोन कर, आपण त्यांच्याबद्दल बोलू. पण जे उत्तर ऐकून आपल्याला फार बरं वाटतं, ते दोनदा तपास. त्याला फार अक्कल लागत नाही. थोडा वेळ एकटं पडायची तयारी लागते."

एवढं बोलून त्या एकेक पायरी उतरू लागल्या.